प्रवराकाठचे जोर्वे : एका नावाचा इतिहास

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे हे लहानसे गाव आहे. राजधानी, लेणी अथवा शिलालेख यांसाठी त्याची ख्याती नाही. तथापि महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या एका प्रमुख कालखंडास या गावाचे नाव मिळाले आहे. ते कसे मिळाले व त्यातून नेमके काय सिद्ध होते, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्यामुळे अभ्यासकांचे लक्ष या स्थळाकडे वेधले. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी तेथे उत्खनन केले. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाची भौमितिक नक्षी असलेली, उत्तम भाजलेली मृद्भांडी, विशेषतः तोटीचे भांडे, ही तेथील ओळख ठरली. पुढे प्रवरेकाठीच नेवासे व दायमाबाद येथे आणि घोड नदीवरील इनामगाव येथे अशीच भांडी मिळाली, तेव्हा ती 'जोर्वे' या नावाने ओळखली जाऊ लागली.

परंतु या नावावरून जोर्वे हे त्या संस्कृतीचे केंद्र अथवा उगमस्थान होते, असे अनुमान काढणे युक्त नव्हे. दायमाबादची वसाहत सुमारे वीस हेक्टर पसरलेली होती, आणि तेथील जोर्वे-थर हा सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद व माळवा या थरांच्या वरचा, म्हणजे सर्वांत अलीकडचा होय. सारांश, 'जोर्वे' हे नाव प्राचीन वसाहतींची श्रेष्ठता सांगत नाही. ते आधुनिक संशोधनाचा क्रम सांगते.

या गावांचे खरे साम्य त्यांच्या नदीकाठच्या कृषिजीवनात शोधले पाहिजे. प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातील जोर्वे वसाहती इ. स. पू. १००० च्या सुमारास ओस पडल्या. इनामगावी मात्र वस्ती इ. स. पू. ७०० पर्यंत, अधिक हलाखीत, टिकून राहिली. वाढती अवर्षणता हे याचे कारण डॉ. म. के. ढवळीकर प्रभृती अभ्यासकांनी मानले आहे. याच नदीवर १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, हे ध्यानी घेता पाण्याचा प्रश्न या खोऱ्याच्या इतिहासाचे अखंड सूत्र आहे, असे म्हणावे लागते. राजवंशांच्या इतिहासात ज्यास स्थान नाही, अशा खेड्याचे महत्त्व या सूत्राच्या आधारेच आकळते.