भटका राजदूत

परदेशांत एखाद्या राष्ट्राची जी प्रतिमा रुजते, ती मुत्सद्द्यांनी घडविलेली असते, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासाची साक्ष मात्र पुष्कळदा निराळी असते.

१९५४ साली सोव्हिएत रशियात भारतीय चित्रपटांचा महोत्सव भरला. कान येथे त्याच वर्षी गौरविला गेलेला बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ त्यात होता. राज कपूर यांचा १९५१ सालचा ‘आवारा’ही होता. सामान्य जनतेने आपलासा केला तो ‘आवारा’. ‘ब्रोद्यागा’, म्हणजेच ‘भटक्या’, या नावाने तो रशियन भाषेत आला आणि त्याची ६ कोटींहून अधिक तिकिटे खपली.

असे का व्हावे? ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे यांच्या या कथेतील न्यायाधीश रघुनाथ यांची ठाम समजूत अशी, की सज्जनाचा मुलगा सज्जन आणि गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच निपजावयाचा. पण संशयापायी त्यांनी घराबाहेर काढलेल्या पत्नीच्या पोटचा मुलगा झोपडपट्टीत वाढतो, चोर होतो आणि अखेर आरोपी म्हणून न्यायालयात उभा राहतो. माणूस रक्ताने नव्हे, परिस्थितीने घडतो, हे या कथेचे सार. १९५३ च्या मार्चमध्ये स्टालिनचा मृत्यू झाला होता. तुरुंगांतून आणि छावण्यांतून असंख्य माणसे घरी परतत होती. शिक्षा झालेल्यांच्या मुलाबाळांकडेही तेथे वर्षानुवर्षे संशयाने पाहिले गेले होते. अशा समाजाला ही कथा परकी वाटली नसेल, तर त्यात नवल कसले? शिवाय शैलेंद्र यांचे शब्द, शंकर-जयकिशन यांची चाल आणि मुकेश यांचा स्वर! हिंदीचे एक अक्षर न कळणारे लोकही ते गीत गुणगुणू लागले.

याच सुमारास स्वदेशी काय चालले होते? १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. अभिजात संगीतावर त्यांची अढळ निष्ठा होती. त्याच वर्षी सुरू झालेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने थोर गायक-वादकांची कला घरोघरी पोहोचविली, हे श्रेय त्या धोरणाला दिलेच पाहिजे. परंतु चित्रपटगीते त्यांना हीन अभिरुचीची वाटत. सरकारी केंद्रांवरून ती जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ज्या संगीताला घरच्या ओसरीवर जागा नव्हती, तेच मॉस्कोत भारताचे नाव गाजवीत होते! अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि चित्रपटगीतांना नभोवाणीचे दार पुन्हा उघडले.

जून १९५५ मध्ये पंडित नेहरू रशियात गेले. नोव्हेंबरात बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात आले. राजनैतिक मैत्रीची कारणे अर्थातच वेगळी आणि अधिक खोल होती. तथापि नेहरूंच्या आधीच एक भटक्या त्या देशातील घराघरांत जाऊन पोहोचला होता. त्याची चाल चार्ली चॅप्लिनकडून उसनी घेतलेली होती, त्याचे जोडे फाटके होते, आणि शासनाने त्याला प्रतिनिधी म्हणून नेमले असते की नाही, याची शंकाच आहे.

आपल्या देशाचे कोणते रूप परदेशी पाठवावयाचे, हे शासन ठरवू शकते. त्यातले कोणते जिव्हाळ्याने जपावयाचे, हे तिकडची जनता स्वतःच्या सुखदुःखांवरून ठरविते. १९९१ साली सोव्हिएत संघराज्य लयास गेले, त्याच्याशी झालेले करारमदार इतिहासजमा झाले; त्या पिढीच्या ओठांवरचे ते गीत मात्र राहिले.