पाकोळीची खाद्य घरटी : व्यापार, हक्क आणि काढणीचा हंगाम

पक्ष्याचे घरटे ही त्याच्या परिसराची निर्मिती असते. भिंगरी चिखलाचे गोळे थापून घरटे उभारते, सुगरण गवताचे धागे विणते आणि शिंपी पाने शिवून त्यांचा द्रोण करतो. दक्षिण व आग्नेय आशियातील काही पाकोळ्यांना मात्र बाहेरच्या सामग्रीची जवळजवळ गरजच भासत नाही. त्यांचे घरटे मुख्यतः त्यांच्या लाळेचे असते आणि या एका वैशिष्ट्यामुळे त्यांच्या वाट्याला चार शतकांहून अधिक काळ चाललेला व्यापार आला. या व्यापाराच्या इतिहासात खाणाऱ्यांच्या हौसेचे वर्णन विपुल आढळते. त्या मानाने घरटे केव्हा काढावे आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाकडे कमी लक्ष दिले गेले आहे. वस्तुतः पाकोळीचे भवितव्य या प्रश्नाशीच निगडित राहिले.

पाकोळीचे पाय आखूड असून ती फांदीवर बसू शकत नाही. केवळ उभ्या पृष्ठभागाला नखांनी लटकू शकते. खाद्य घरटी बांधणाऱ्या पाकोळ्या गुहेच्या काळोखात टकटक असा ध्वनी करतात व त्याच्या प्रतिध्वनीवरून मार्ग शोधतात. विणीच्या काळात त्यांच्या जिभेखालील लाळग्रंथी फुगतात. लाळेचा चिकट धागा भिंतीवर पुनःपुन्हा फिरवून पक्षी अर्धवाटीच्या आकाराचे घरटे तयार करतो. ते पूर्ण होण्यास साधारणतः महिना ते दीड महिना लागतो. एका जातीचे घरटे जवळजवळ निव्वळ लाळेचे म्हणून 'पांढरे', तर दुसऱ्या जातीच्या घरट्यात पिसे मिसळलेली असतात म्हणून ते 'काळे' म्हणून ओळखले जाते. घरटे हिरावले गेल्यास पक्षी दुसरे बांधू लागतो. काढणीचा सारा व्यवहार या सवयीवर उभा आहे. परंतु प्रत्येक नव्या घरट्यासाठी पक्ष्याला शरीरातील द्रव्य आणि विणीचे दिवस असे दोन्ही खर्चावे लागतात.

चीनमध्ये या पदार्थास 'यान वो', म्हणजे भिंगरीचे घरटे, असे म्हणतात. हे नाव चुकीचे आहे. भिंगरी आणि पाकोळी यांचे दिसण्यातले साम्य वरवरचे असून त्यांची कुळे भिन्न आहेत. पंधराव्या शतकातील नौदलप्रमुख झेंग हे याने हा पदार्थ प्रथम चीनमध्ये नेला, अशी लोकप्रिय कथा आहे. तिला समकालीन पुराव्याचा आधार मिळत नाही. विश्वसनीय माहिती सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून मिळू लागते. १६१७ सालच्या 'दोंग शी यांग काओ' या सागरी व्यापारावरील ग्रंथात फुजियान प्रांतातील जकातीचे दर नोंदविले आहेत. त्यांत घरट्यांच्या उत्तम, मध्यम व कनिष्ठ अशा तीन प्रतींवर वेगवेगळा कर दिसतो. करदात्रीच्या यादीत प्रतवारी स्थिरावलेली असणे, हे बाजार त्यापूर्वीच रुळल्याचे लक्षण मानता येईल. वैद्यकाने मात्र या पदार्थाची दखल उशिरा घेतली. ली शिझेन याच्या १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या सुविख्यात औषधीकोशात तो नाही. झाओ श्वेमिन याने अठराव्या शतकात तयार केलेल्या पुरवणीत तो आढळतो. त्याच शतकातील 'लाल महालाचे स्वप्न' या कादंबरीत आजारी नायिकेला घरट्याची पेज घेण्याचा सल्ला दिला जातो. या पदार्थाला स्वतःची अशी चव फारशी नाही. दुर्मिळता आणि औषधी ख्याती हीच त्याची प्रतिष्ठा होती.

पुरवठ्याच्या बाजूचे महत्त्वाचे वर्णन जॉन क्रॉफर्ड यांच्या १८२० सालच्या इंडोनेशियन द्वीपसमूहाच्या इतिहासात मिळते. जावाच्या दक्षिण किनाऱ्यावरील कारांग बोलोंग येथे वेत व बांबूच्या शिड्यांवरून खवळत्या समुद्रावरील कड्यात उतरावे लागे आणि लहानपणापासून सराव असलेली माणसेच हे काम करू शकत. काढणीपूर्वी दक्षिण समुद्राच्या देवतेला नैवेद्य दाखविण्याची तेथील प्रथा प्रसिद्ध आहे. क्रॉफर्ड यांच्या नोंदींपैकी दोन येथे विशेष महत्त्वाच्या ठरतात. अंडी घालण्यापूर्वी काढलेले घरटे सर्वांत मोलाचे आणि पिले उडून गेल्यानंतरचे सर्वांत हलके, ही पहिली. वर्षातून दोनदा नियमित काढणी झाली आणि गुहेला इजा पोहोचली नाही, तर उत्पन्न जवळजवळ सारखे राहते, ही दुसरी. म्हणजे बाजाराची घाई आणि गुहेचा संयम यांतील विरोध तेव्हाच स्पष्ट होता. गुहेवर ज्याचा दीर्घकाळचा हक्क असे, त्याला पुढील वर्षाचा विचार परवडत असे.

हा हक्क सैल झाला म्हणजे काय होते, याचे उदाहरण बोर्निओतील सारावाक येथील नियाह गुहांचे आहे. तेथे गुहेचे छत व भिंती यांचे भाग कुटुंबवार वाटलेले होते आणि मालकी वंशपरंपरेने चाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किमती वाढत गेल्या, चोऱ्या वाढल्या आणि आपण थांबलो तर दुसरा नेईल या भीतीने हक्कदारही घाईने काढणी करू लागले. अंडी-पिलांसह घरटी उतरविली गेली व पक्ष्यांची संख्या झपाट्याने घटली. याउलट साबाह येथील गोमांतोंग गुहांत शासकीय नियंत्रणाखाली वर्षातून दोन काढण्या ठरविण्यात आल्या : पहिली अंडी घालण्यापूर्वी, म्हणजे पक्ष्याला पुन्हा बांधण्यास अवधी राहतो, दुसरी पिले उडाल्यानंतर. क्रॉफर्ड यांनी पाहिलेला क्रमच येथे नियमात उतरला, असे म्हणण्यास हरकत नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९९४ साली इटलीने या पक्ष्यांच्या घरट्यांचा व्यापार 'साइटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आणण्याचा प्रस्ताव मांडला होता. तो पुढे मागे घेण्यात आला.

दरम्यान जावामध्ये पाकोळ्या माणसांच्या घरांत वस्ती करू लागल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला हा प्रकार विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा उद्योग झाला. काळोख्या, दमट इमारतींत पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यांना आकर्षित केले जाते. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर इंडोनेशिया व मलेशियात अशा इमारती झपाट्याने वाढल्या. घराच्या मालकाला पिले उडेपर्यंत थांबण्यात तोटा नसतो, कारण तीच पिले पुढे तेथेच वस्ती करण्याचा संभव असतो. बाजाराने मात्र गुहेतील लाल 'रक्त-घरट्या'ला अधिक भाव दिला. हा रंग पक्ष्याच्या रक्ताचा, ही समजूत खोटी आहे. विष्ठेपासून निर्माण होणाऱ्या नायट्रोजनयुक्त संयुगांमुळे तो येतो. २०११ साली नायट्राइटचे प्रमाण अधिक आढळल्याने चीनने मलेशियातील घरट्यांची आयात थांबविली, तेव्हा ही बाब चर्चेत आली.

भारतात अंदमान-निकोबार बेटांवर पांढऱ्या घरट्याची पाकोळी आढळते. तेथील वस्तीची मोठी हानी रवी शंकरन यांच्या १९९० च्या दशकातील सर्वेक्षणांनी दाखवून दिली. १९९९ पासून वन विभाग व सलीम अली पक्षिविज्ञान केंद्र यांनी पूर्वी घरटी काढणाऱ्यांनाच गुहांचे राखणदार नेमण्याचा कार्यक्रम राबविला. पश्चिम किनाऱ्यावरील जात निराळी आहे. वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटांच्या गुहांत भारतीय पाकोळीची वसाहत असून तिच्या घरट्यात लाळेबरोबर पिसे व अन्य द्रव्येही असतात, म्हणून साफसफाईशिवाय त्यास मोल नाही. तरीही ही घरटी चोरीस जात असल्याचे २००१ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने उघडकीस आणले. येथे नियाहसारखे वंशपरंपरागत हक्कदार नाहीत आणि जावासारखी पाकोळ्यांची घरेही नाहीत. राखण पूर्णपणे कायदा, वन विभाग आणि स्थानिक कार्यकर्ते यांच्यावर अवलंबून आहे. पाकोळीची वीण पावसाळ्यापूर्वी, समुद्र शांत असताना होते, आणि त्या बेटांना होडी लागू शकते तीही याच दिवसांत.