मार्मागोव्याच्या बंदरातील एक रात्र

‘सी वुल्व्ज’ हा १९८० सालचा इंग्रजी चित्रपट आम्ही बुवापाड्यात शेजारच्या मंडळींबरोबर पाहिला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन अशी बडी नटमंडळी त्यात आहेत. तो संपताच एका वृद्ध शेजाऱ्यांनी मला विचारले, “मास्तर, हे खरं की सगळी बनवाबनवी?” प्रश्न रास्त होता.

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल होता आणि पोर्तुगाल तटस्थ होता. म्हणून एहरनफेल्स, ड्राखनफेल्स व ब्राउनफेल्स ही जर्मन जहाजे मार्मागोव्यात आसऱ्याला थांबली होती. त्यांच्यासोबत आनफोरा हे इटालियन जहाजही होते. एहरनफेल्सवरून बिनतारी यंत्राने जर्मन पाणबुड्यांना आपल्या बोटींची खबर जाते, असा इंग्रजांचा दाट संशय होता. पण तटस्थ बंदरात फौज घालायची कशी? उघडकीला आले तर सारी नाचक्की!

मग तोड निघाली ती गंमतीची. कलकत्त्याच्या लाइट हॉर्स या हौशी घोडदळातले व्यापारी, कचेरीतले साहेब, बहुतेक पोक्त वयाचे, या कामाला निघाले. घोडे नाहीत, गणवेश नाही! कलकत्त्याहून ‘फीबी’ नावाची गाळ वाहणारी संथ बोट लंकेला वळसा घालून कोचीनला आली. ही मंडळी तिथवर आगगाडीने गेली व तिच्यात बसून गोव्याकडे निघाली.

९ मार्च १९४३ च्या रात्री ते एहरनफेल्सवर चढले. चकमकीत जहाजाचा कप्तान व काही खलाशी ठार झाले. खलाशांनी आपणहून जहाज बुडवायला काढले, आग लागली. ते पाहून उरलेल्या तिन्ही जहाजांच्या खलाशांनीही आपापली जहाजे बुडवली. म्हणजे पाहा, हल्ला एका जहाजावर आणि बुडाली चार!

आता जरा सावध राहू या. त्या यंत्रावरून खरोखर किती खबर गेली, यावर अभ्यासकांत एकमत नाही. चित्रपट मात्र ती शंका मनात येऊच देत नाही. मला हे पटत नाही. धाडस खरे असले म्हणून त्यामागचे कारणही तितकेच पक्के ठरत नाही.

या मंडळींना ना पदके मिळाली, ना जाहीर कौतुक. सारे गुपित ठेवायचे, एवढीच अट. जेम्स लीझर यांचे पुस्तक १९७८ साली निघाले, तेव्हा ही गोष्ट सर्वांना कळली. चित्रीकरणही गोव्यातच झाले. तोवर गोवा भारतात येऊन जवळजवळ दोन दशके लोटली होती.