पित्याची विद्या आणि अपत्याचा विषय

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे (जन्म १९६४) शाळेत गेल्या नाहीत. गावठी वाण ओळखण्याची व राखण्याची विद्या त्यांना घरात, वडिलांकडून मिळाली. तिच्याच बळावर त्यांनी बीजसंग्रह उभा केला आणि २०२० साली त्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. पालकांच्या शिक्षणावरून अपत्याच्या अभ्यासविषयाचा अदमास बांधताना शिक्षण म्हणजे पदवी असे धरून चालण्याचा प्रघात आहे. त्या मापाने या घराची नोंद ‘अशिक्षित’ या रकान्यात होईल.

त्याच मापाने धर्मानंद कोसंबी यांचीही नोंद फारशी वर जाणार नाही. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंदांपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. १८९९ साली घर सोडून त्यांनी पुणे व काशी येथे संस्कृत आणि सिंहलद्वीपात पाली आत्मसात केली. ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनार्थ १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना पाचारण केले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले. १९१८ साली पुन्हा अमेरिकेस जाताना त्यांनी पुत्र दामोदर (जन्म १९०७) यास बरोबर नेले.

हार्वर्डमधून १९२९ साली पदवीधर झालेल्या दामोदरांनी पित्याचा विषय न घेता गणित पत्करले. पित्याचा प्रभाव येथे संपला, असे वरवर पाहणारास वाटेल. परंतु संख्याशास्त्र हाताशी घेऊन ते प्राचीन आहत नाण्यांच्या वजनांकडे वळले, इतिहासात शिरले, आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांनी सिद्ध केली (१९४८). हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेतील ४१वा खंड म्हणजे वॉरन व धर्मानंद यांनी संपादिलेला ‘विसुद्धिमग्ग’ (१९५०). ४२वा, गोखले यांच्यासह दामोदरांनी संपादिलेला ‘सुभाषितरत्नकोश’ (१९५७). पहिला खंड निघाला तेव्हा धर्मानंद हयात नव्हते. तिसऱ्या पिढीतील मीरा कोसंबी यांनी समाजशास्त्र घेतले, तरी आजोबांचे निवडक लेखन २०१० साली इंग्रजीत त्यांनीच आणले.

दोन्ही घरांत पित्याची विद्या अपत्यात उतरली. भेद आहे तो अन्यत्र. दामोदरांपुढे अमेरिकेतील शाळा व विद्यापीठ होते. म्हणून पित्याची विद्या बाजूस ठेवून, दुसऱ्या वाटेने तिच्याकडे परतणे त्यांस साधले. कोंभाळण्यात त्या मुलीपुढे दुसरी वाटच नव्हती. तेव्हा तिने विषय ‘निवडला’ असे म्हणणे कितपत योग्य ठरेल?