जवसाचं तेल आणि म्यूऑनचा सापळा

पांढुर्णा-सौंसरकडे जवस म्हटलं की ताटातली चटणी आठवते. निळ्या फुलांच्या या रब्बी पिकाचं तेल मात्र स्वयंपाकघराच्या फार पलीकडे गेलं आहे. जीनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण टिपणाऱ्या अनेक कक्षांच्या आतल्या भिंतींवर त्याचाच थर असतो.

या कक्षांचं नाव रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर, म्हणजे आरपीसी. १९८१ साली रोमच्या रिनाल्दो सान्तोनिको आणि रॉबेर्तो कार्दारेल्ली यांनी त्याची रचना मांडली. त्याआधी नोव्होसिबिर्स्कला पेस्टोव्ह यांनी खास काचेचे कणगणक केले होते, पण त्यांना जास्त दाबाचा वायू लागे आणि ते मोठ्या आकारात करणं कठीण होतं. रोमच्या जोडीने स्वस्त बेकेलाइट घेतलं आणि वायू साध्या हवेच्या दाबावर ठेवला. दोन पत्रे, मध्ये दोनेक मिलिमीटरची फट, फटीत वायू आणि पत्र्यांवर हजारो व्होल्ट, एवढीच मांडणी. कण गेला की वायूत विजेचा लोट उठतो. पत्र्याचा विद्युतरोध मोठा असल्यामुळे तो पसरत नाही, जागीच विझतो.

अडचण बेकेलाइटच्या पृष्ठभागाची होती. त्यावरच्या सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांशी विद्युतक्षेत्र वाढतं आणि कण नसतानाही खोटे संकेत उठतात. म्हणून आतून जवसाचं तेल फिरवण्याची रीत रूढ झाली. हे तेल उडून जाऊन वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचा चिवट, गुळगुळीत पापुद्रा बनतो.

या रीतीची कसोटी लागली ती कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेच्या बाबर या कणभौतिकी प्रयोगात. १९९९च्या उन्हाळ्यात लोखंडाच्या थरांमध्ये बसवलेल्या कक्षांचं तापमान ३० अंशांच्या वर गेलं. बेकेलाइट तापलं की त्याचा रोध घटतो आणि गळती प्रवाह वाढतो. त्यातच तेल नीट वाळलेलं नव्हतं. त्याचे थेंब ओघळून फटीत जमले, काही ठिकाणी दोन पत्रे जोडले गेले आणि कक्षांची कार्यक्षमता ढासळली. पुढे पाण्याने थंड करण्याची सोय झाली, तरी गेलेली कार्यक्षमता भरून आली नाही आणि बरेच कक्ष बदलावे लागले.

या अनुभवातून नंतरच्या कक्षांसाठी तेलाचा थर पातळ झाला, तो पुरता वाळवण्यावर भर आला आणि उष्णता वाहून नेणं मूळ आराखड्याचा भाग झालं. तापमान व दाब बदलला की वायूची घनता बदलते, त्यानुसार विद्युतदाबही जुळवून घेतात.

सर्नच्या सीएमएस या कणशोधकात, कणवेगवर्धक बंद असताना २०१३-१४च्या विरामात आरपीसींचा नवा थर बसला. त्यातले काही कक्ष मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि चंडीगढच्या पंजाब विद्यापीठात जोडले गेले, आणि इलेक्ट्रॉनिक्सची उष्णता काढणारे तांब्याच्या नळ्यांचे संचही भारतातून गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने काचेचे आरपीसी विकसित केले. काच मुळात गुळगुळीत असल्याने त्यांना तेल लागत नाही. कोलकात्यात बेकेलाइटवर तेलाऐवजी सिलिकोन वापरून पाहिलं गेलं.

कणभौतिकीच्या बातम्यांत नवे कण आणि मोठी समीकरणं येतात. पण कण टिपायचा तर पत्रा सपाट, तेल वाळलेलं आणि तापमान आवाक्यात असावं लागतं. पांढुर्ण्याच्या ज्या मुलामुलींना यंत्र अभियांत्रिकीची ओढ आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावं: मूलभूत विज्ञानाला तुमच्या हातांचीही तेवढीच गरज आहे.