दुप्पट सीसींचा न्याय

येझदी, राजदूत किंवा लूना ज्यांच्या घरी होती, त्यांना टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. पेट्रोलबरोबर मोजून घातलेले ऑइल, मागे रेंगाळणारा निळसर धूर आणि गाडी बंद पडलीच तर प्लग काढून, पुसून, पुन्हा बसवून मारलेली किक, एवढ्यात तिचे सारे शास्त्र सामावलेले असे. आपल्या रस्त्यांवरून ती गेली ती धुरामुळे, आणि गेली हे बरेच झाले. ह्याबद्दल निदान शहरात राहणाऱ्या माणसाचे दुमत नसावे.

पण मातीत, चढउतारांवर आणि खडकांतून पळवायच्या मोटारसायकलींचा, म्हणजे डर्ट बाइकचा, इतिहासही ह्याच चालीवर सांगितला जातो तेव्हा मात्र अडखळायला होते. जुने, धुरकट इंजिन मागे पडले आणि नवे, स्वच्छ, सरस इंजिन पुढे आले, अशी ती सुटसुटीत गोष्ट आहे. माझ्या मते ती निम्मीच खरी आहे. उरलेली निम्मी स्पर्धांच्या नियमपुस्तकात दडलेली आहे.

आधी थोडे यंत्राबद्दल. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन चार वेळा वरखाली होतो तेव्हा एक स्फोट होतो, म्हणजे दांड्याच्या दोन फेऱ्यांमागे एक. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला स्फोट. शिवाय त्यात झडपा नाहीत, त्या हलवणारा कॅमशाफ्ट नाही, त्याची साखळी नाही. म्हणजे वजन कमी आणि ताकद, निदान कागदावर, दुप्पट. प्रत्यक्षात ती दुप्पट भरत नाही, कारण जळलेला वायू बाहेर जाताना न जळलेले ताजे मिश्रणही त्याच्याबरोबर निसटते. धूर आणि उधळपट्टी ह्या दोन्ही दोषांचे मूळ इथेच आहे.

ह्या उधळपट्टीवर पूर्व जर्मनीत त्शोपाउ येथील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन ह्या अभियंत्याने जो तोडगा पक्का केला, तो मला विसाव्या शतकातील यांत्रिक कल्पकतेचा एक अतिशय देखणा नमुना वाटतो. त्याने सायलेन्सरच्या नळीला पोट आणले. आधी रुंदावत जाणारी आणि पुढे पुन्हा निमुळती होणारी ही नळी, बाहेर पडणाऱ्या वायूच्या दाबाची लहर परत फिरवते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण ऐन वेळी सिलिंडरमध्ये मागे ढकलते. एकही हलता भाग नाही. पत्र्याच्या आकाराने झडपेचे काम केले! 1961 साली एमझेडचे 125 सीसीचे इंजिन लिटरमागे दोनशे अश्वशक्तीच्या हिशेबाने ताकद देऊ लागले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, आणि सप्टेंबरमध्ये एमझेडचा अव्वल स्वार एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीतून परतलाच नाही. तो सुझुकीकडे गेला आणि जाताना काडेनची विद्याही घेऊन गेला. 1962 साली त्याने सुझुकीला 50 सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवून दिले. काडेन त्शोपाउलाच राहिला. जपानी टू-स्ट्रोकच्या वैभवाचे श्रेय वाटताना त्याचे नाव आजही उशिरा निघते.

हे झाले डांबरी रस्त्यांवरच्या शर्यतींचे. मोटोक्रॉसच्या मातीत तेव्हा फोर-स्ट्रोकचेच राज्य होते. 500 सीसी गट मानाचा, आणि त्यात बीएसए, मॅचलेस, स्वीडनची हुस्कवार्ना अशा धीरगंभीर आवाजाच्या गाड्या. 1964 आणि 1965 अशी सलग दोन वर्षे बीएसएवर जेफ स्मिथ जगज्जेता ठरला. पुढच्याच वर्षी पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सने चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड गाडीवर ते विजेतेपद हिरावून घेतले. (मैसूरला तयार होणाऱ्या येझदीचे आजोळ म्हणजे चेकोस्लोव्हाकियाची यावा, आणि सीझेड ही तिचीच भावंड.) फ्रीडरिक्सची गाडी टू-स्ट्रोक होती. 500 सीसीची मुभा असताना तिचे इंजिन अवघे 360 सीसीचे होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. लहान इंजिनाने हलकेपणाच्या जोरावर मोठ्यावर मात केली होती, आणि नियमाने त्याला कसलीही सवलत दिलेली नव्हती. बीएसएने वजन उतरवण्यासाठी टायटॅनियमची चौकट करून पाहिली; ती टिकेना, आणि तडकली तर मैदानावर जोडताही येईना. 1966 ते 1992 ह्या सत्तावीस वर्षांत 500 सीसीचे जागतिक विजेतेपद एकदाही फोर-स्ट्रोकला मिळाले नाही. सोइचिरो होंडा ह्यांना टू-स्ट्रोकचे वावडे होते हे प्रसिद्धच आहे, पण त्यांच्या कंपनीलाही 1973 साली एल्सिनोर ही टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी बाजारात आणावी लागली.

मग चक्र उलटे फिरले ते कसे? नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियाने रस्त्याबाहेर चालणाऱ्या गाड्यांच्या धुरावरही बंधने आणली. बंद मैदानावरच्या शर्यतींना त्याची थेट झळ नव्हती. पण अमेरिकेतली सर्वांत मोठी बाजारपेठ कुठे झुकते आहे हे कंपन्यांनी ओळखले. दुसरीकडे अमेरिकी मोटारसायकल संघटनेच्या नियमांनी 250 सीसी टू-स्ट्रोकच्या गटात जवळपास दुप्पट किंवा त्याहूनही मोठ्या फोर-स्ट्रोकला वाट करून दिली. नियम उदारपणाचा होता. जड आणि मागे पडलेल्या प्रकाराला थोडा हात द्यावा, एवढाच त्याचा अर्थ त्या वेळी वाटला असणार. 1997 साली लास व्हेगासच्या सुपरक्रॉसमध्ये डग हेन्रीने यामाहाची प्रायोगिक 400 सीसी फोर-स्ट्रोक पहिली आणली, आणि 1998 मध्ये बाजारात आलेल्या वायझेड400एफवर त्याने मैदानी मालिकेचे राष्ट्रीय विजेतेपदही जिंकले.

यामाहाच्या अभियंत्यांचे कर्तृत्व नाकारण्यात अर्थ नाही. पाच झडपांचे, मिनिटाला दहा हजारांपलीकडे फिरणारे ते इंजिन खरोखरच नवे होते. त्याची ताकद अंगावर धावून येत नसे. ती सावकाश आणि सलग येई, त्यामुळे मागचे चाक माती उधळण्याऐवजी माती धरी. हे गुण खरे आहेत. पण 250 समोर 400, पुढे 450, आणि 125 समोर 250 हे माप ठरवून दिल्यावर निकालाबद्दल शंका कसली उरणार? 2004 साली जेम्स स्ट्यूअर्टने 125 सीसी टू-स्ट्रोकवर अमेरिकेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि 2005 साली रिकी कारमायकेलने 250 सीसी टू-स्ट्रोकवर सुपरक्रॉसचे. त्या दोन्ही गटांत टू-स्ट्रोकला मिळालेली ती शेवटची विजेतेपदे. होंडाने आपल्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या 2007 नंतर बंद केल्या.

ह्याची किंमत ज्याने मोजली तो स्वार इतिहासात येत नाही. कारखान्याच्या संघात नसलेला, आठवडाभर नोकरी करून रविवारी शर्यतीला जाणारा. टू-स्ट्रोकचा पिस्टन आणि रिंगा तो घरच्या गॅरेजमध्ये एका संध्याकाळी बदलत असे. फोर-स्ट्रोकमध्ये तेच काम करायचे तर झडपांच्या फटी मोजा, कॅमची साखळी जुळवा, आणि भर वेगात झडप तुटलीच तर पिस्टन, हेड आणि सिलिंडर सगळेच घालवून बसा. टू-स्ट्रोक घ्यावी तर नियमाने ती आधीच मागे. फोर-स्ट्रोक घ्यावी तर दुरुस्तीचा खर्च आवाक्याबाहेर. त्याच्यापुढची निवड यंत्रशास्त्राची उरलीच नव्हती.

नियमपुस्तक बाजूला ठेवले तर काय होते, ह्याचे उत्तर ऑस्ट्रियातील एर्झबर्ग ह्या लोखंडाच्या खाणीच्या डोंगरावर मिळते. 1995 पासून तिथे भरणाऱ्या शर्यतीत सरळसोट चढ आणि मोटारीएवढे दगड पार करावे लागतात. शेकडो स्वारांपैकी मूठभरच शेवटपर्यंत पोचतात. तिथे कोणत्या इंजिनाला किती सीसींची सवलत, हा प्रश्न गौण ठरतो. पडलेली गाडी शंभर वेळा उचलावी लागते, दगडावरून नेमक्या क्षणी उडी घ्यावी लागते, म्हणून स्वार हलके इंजिन आपणहून निवडतात. ग्रॅहम जार्विसने तिथली आपली विजेतेपदे टू-स्ट्रोकवर मिळवली. 2017 साली केटीएमने ह्याच जातीच्या गाड्यांना पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली. कार्ब्युरेटर गेला, ऑइल मोजून मिसळण्याचे काम गाडी स्वतःच करू लागली आणि धूर पुष्कळ कमी झाला. 2022 आणि 2023 साली एर्झबर्ग जिंकणाऱ्या मानुएल लेटनबिख्लरची केटीएमही 300 सीसीची टू-स्ट्रोकच होती.