ऐकणाऱ्याची बाजू

घरातली विजेची तार दिवे-पंख्यांसाठी टाकलेली असते. तिच्यातूनच इंटरनेट न्यायचं, तर तिच्यात लघुलहरींच्या पट्ट्यातले संकेत सोडावे लागतात. तारेला ना कवच, ना पीळ. ती भिंतीतली अँटेनाच होते आणि शेजारचा रेडिओ खरखरतो.

मँचेस्टरमध्ये १९९७ साली वीजतारांतून इंटरनेट देण्याचा प्रयोग जाहीर झाला, १९९९ मध्ये गुंडाळला गेला. पण कल्पना घरात शिरली. २००१ मध्ये होमप्लगचं पहिलं मानक आलं. त्यात हौशी रेडिओवाल्यांचे, म्हणजे हॅम मंडळींचे पट्टे मोकळे ठेवले होते. त्यांच्याकडे परवाने होते, संघटना होत्या. दूरदेशीचं केंद्र नुसतं ऐकणाऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्याची दखल २०१३ च्या युरोपीय मानकाने घेतली: उपकरणाने आधी कानोसा घ्यायचा, प्रसारण सापडलं तर तेवढी जागा सोडायची.

आपण अभिव्यक्तीचा हक्क म्हणतो तेव्हा बोलणाराच डोळ्यांपुढे आणतो. पण ऐकायला शांतता लागते, आणि ती सामाईक असते. तिचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो. म्हणून अतिक्रमण झालं तरी आपल्याला ते उशिरा कळतं.